पडायची मुभा

धनत्रयोदशीला पिक्चर पाहू नये असं कुठल्या शास्त्रात लिहिलेलं नाही. पण पणत्या, फराळाचे डबे आणि उंबऱ्यावरची अर्धी रांगोळी सोडून आमच्या घरातली बाई त्या संध्याकाळी बाहेर पडली, तर कुणीतरी आजारी असावं असाच शेजारी समज करून घेतात. २०२३ साली मी बाहेर पडले ते भाचीच्या हट्टापायी. त्याच दिवशी, १० नोव्हेंबरला, ‘द मार्व्हल्स’ हा हॉलिवुडचा सुपरहिरो पिक्चर लागला होता. “मावशी, आजच जाऊ. रविवारी टायगर येतोय. मग ह्याला सकाळी साडेनऊचा एक खेळ ठेवतील नि सोमवारी तोही काढतील.” रविवारी लक्ष्मीपूजनाला ‘टायगर ३’ आला आणि तिचं गणित बरोबर निघालं.

ठाण्यातल्या त्या भल्यामोठ्या हॉलमध्ये आम्ही दोघी धरून सव्वीस डोकी होती. मोजायला वेळ भरपूर मिळाला, कारण पिक्चर मधे मधे भरकटत होता. तिघी बायका, तिघींच्या शक्ती एकमेकींत गुंतलेल्या. एकीने शक्ती वापरली की दुसरी तिच्या जागी जाऊन आदळणार. कल्पना झकास. एका स्वयंपाकघरात तीन बायका वावरलेल्या घरातल्या कुणालाही ती पटेल. पण खलनायिकेला नेमकं हवंय काय, हे माझ्या ध्यानात येईपर्यंत दिवे लागले. मांजरांच्या प्रसंगाला मात्र मी मनापासून हसले.

सरकत्या जिन्यावर आमच्या पुढे एक गृहस्थ मुलाला समजावत होते, “बायकांचे सुपरहिरो पिक्चर चालत नाहीत रे. कितीही पैसा ओता.” मुलगा असेल नऊ-दहा वर्षांचा. पाढा पाठ झाल्यासारखी त्याने मान हलवली. भाची तेव्हा काही बोलली नाही. खाली रिक्षाच्या रांगेत उभं राहिल्यावर म्हणाली, “जूनमध्ये फ्लॅश पडला, तेव्हा हे काका म्हणाले असतील का, पुरुषांचे चालत नाहीत?”

तेव्हा मी हसण्यावारी नेलं. पण प्रश्न डोक्यातून जाईना. २०२३ हे साल आठवून पाहा. मार्चमध्ये ‘शॅझम’चा दुसरा भाग पडला. जूनमध्ये ‘द फ्लॅश’ आपटला, तोही असा की त्यात दोन दोन बॅटमन आणूनसुद्धा सावरला नाही. ऑगस्टमध्ये ‘ब्लू बीटल’ कधी आला नि कधी गेला कळलं नाही. ‘अँट-मॅन’ने फेब्रुवारीत पहिल्या आठवड्यात गर्दी खेचली आणि दुसऱ्या आठवड्यात मान टाकली. यांच्या पडण्याला धंद्यातल्या लोकांनी नाव दिलं, लोकांना सुपरहिरोंचा कंटाळा आलाय. बरोबरच आहे. मग नोव्हेंबरमध्ये ‘द मार्व्हल्स’ पडला. जगभरात साधारण २० कोटी ६० लाख डॉलर, मार्व्हल कंपनीच्या सुपरहिरो मालिकेतल्या ३३ चित्रपटांत सगळ्यात कमी. हा आकडा लपवण्यासारखा नाही आणि मी लपवतही नाही. पण त्याच वर्षीचा, त्याच कंटाळ्याच्या लाटेतला हा पिक्चर पडल्यावर कारण मात्र बदललं. आता दोष कंटाळ्याचा राहिला नाही, बायकांचा झाला. मार्व्हलची मालक कंपनी डिस्ने, तिचे तेव्हाचे प्रमुख बॉब आयगर यांनी तर त्याच महिन्यात जाहीरपणे सांगितलं की सेटवर पुरेशी देखरेख नव्हती. दिग्दर्शक होती निया डाकोस्टा.

पुरुष पडला तर तो एकटा पडतो. बाई पडली की सगळ्या बायका पडतात. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मला सिनेमाच्या आधी दहीहंडीने शिकवलं.

ठाण्यात वाढलेल्या माणसाला पडणं म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. जांभळी नाका, टेंभी नाका, वर्तकनगर, गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी कुठेही उभे राहा. आठ थरांची सलामी द्यायला आलेलं पथक सातव्या थरावर थरथरतं, तळातला कुणीतरी मान वळवतो आणि अख्खा मनोरा पत्त्यांच्या बंगल्यासारखा खाली येतो. मग काय होतं? माइकवरचा निवेदक ओरडतो, “हरकत नाही गोविंदा, पुन्हा लावा!” ढोल पुन्हा सुरू होतात. पथक पाणी पितं, एकमेकांच्या पाठीवर थापा मारतं, पुन्हा थर लावतं. पडणं हा ह्या खेळाचाच भाग आहे. न पडता नऊ थरांपर्यंत कुणी पोहोचलेलं नाही. गुरुपौर्णिमेला सराव सुरू होतो तो वर चढण्याचा असतो तितकाच पडण्याचाही असतो, कुणी कुणाला कसं झेलायचं याचा.

माझी भाची महिला पथकात आहे, तिसऱ्या थरावर. खांदे रुंद म्हणून तिसरा. वजन थोडं कमी असतं तर चौथा मिळाला असता, ही तिची खंत. त्यांचं पथक एका हंडीला गेलं होतं, त्या वेळी मीही गर्दीत होते. पाचव्या थराला कोसळल्या. निवेदकाचा आवाज लगेच बदलला, एकदम मऊ झाला. “ताईंनी प्रयत्न केला हेच खूप आहे! जोरदार टाळ्या!” टाळ्या झाल्या. पुढचं पथक मैदानात आलं. पुन्हा लावा असं कुणी म्हणालं नाही. तो माणूस वाईट नव्हता, कौतुकच करत होता. पण त्या कौतुकात एक दार हळूच लावून घेतलेलं होतं. शेजारी उभे असलेले एक आजोबा तर समाधानाने म्हणाले, “सांगत होतो, नाही झेपायचं.” त्याच हंडीवर त्या दुपारी पुरुषांची तीन पथकं कोसळलेली त्यांनी पाहिली होती.

आता हॉलिवुडकडे पाहा. १९८४ साली ‘सुपरगर्ल’ आला आणि पडला. १९८७ साली ‘सुपरमॅन’चा चौथा भाग आला आणि तोही पडला, चांगलाच पडला. सुपरमॅनला त्यानंतर २००६ साली नवा चेहरा मिळाला, २०१३ साली आणखी नवा, २०२५ साली आणखी एक. सुपरगर्लच्या नावाचा दुसरा चित्रपट पुढची चाळीस वर्षं मोठ्या पडद्यावर आला नाही. १९९७ च्या ‘बॅटमन अँड रॉबिन’ची इतकी टिंगल झाली की अभिनेत्यांनाही त्याची आठवण नकोशी वाटते म्हणे, आठ वर्षांत बॅटमन पुन्हा उभा, आणि असा उभा की लोक जुना विसरले. हल्क तर पाच वर्षांत दोनदा दोन वेगळ्या नटांबरोबर आला, दोन्ही वेळा बेताचाच चालला, आणि तरी तिसरा नट घेऊन २०१२ मध्ये तो टाळ्या घेऊन गेला. पुन्हा लावा, पुन्हा लावा, असंच चाललंय.

बायकांकडे २००४ मध्ये ‘कॅटवुमन’ आली. तो पिक्चर वाईट होता, यात वाद नको. ज्या बाईच्या अंगात मांजरीचं बळ आलंय तिचा महाभयंकर शत्रू कोण, तर सुरकुत्या घालवणारी क्रीम विकणारी कंपनी. बाईला सुपरहिरो करायचं ठरल्यावरही लिहिणाऱ्यांच्या डोक्यात तिच्यासाठी सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानापलीकडचं जग आलं नाही. पुढच्या वर्षी वाईट अभिनयाचा रॅझी पुरस्कार घ्यायला हॅले बेरी स्वतः गेली, एका हातात आपलं ऑस्कर धरून. मला ती बाई त्या दिवशी फार आवडली. पडल्यावर कसं उठावं याचा वस्तुपाठच होता तो. पण २००५ मध्ये ‘इलेक्ट्रा’ही पडला आणि मग मार्व्हल आणि डीसी या दोन कॉमिक्स कंपन्यांच्या दुनियेत एकट्या बाईच्या नावाचा मोठा पिक्चर यायला २०१७ उजाडलं. बारा वर्षं.

ती बारा वर्षं कशी गेली याचा एक कागदच सापडला आहे. मार्व्हलचे तेव्हाचे मुख्य अधिकारी आयझॅक पर्लमटर यांनी २०१४ च्या ऑगस्टमध्ये सोनीच्या मायकेल लिंटन यांना एक ईमेल पाठवला. सोनीचे संगणक त्याच वर्षी फोडले गेले, त्यामुळे हा ईमेल पुढे जगासमोर आला. मजकूर छोटा आहे. बायकांच्या चित्रपटांची उदाहरणं म्हणून तीन नावं: इलेक्ट्रा, कॅटवुमन, सुपरगर्ल. प्रत्येकापुढे किती वाईट चालला याचा शेरा. एकवीस वर्षांच्या काळातले तीन चित्रपट आणि त्यावरून काढलेला कायमचा निष्कर्ष. माझ्या ऑफिसातल्या नव्या मुलाने तीन नोंदींवरून असा अहवाल दिला असता तर मी त्याला परत पाठवलं असतं. शिवाय ‘हंगर गेम्स’ची धनुष्यवाली पोरगी २०१२ मध्येच तिकीटखिडकीवर पैसा ओतून गेली होती. ती या यादीत का नाही? कारण यश अपवाद धरायचं आणि अपयश नियम धरायचा, हे आधीच ठरलेलं होतं.

वंडर वुमन १९४१ साली कागदावर जन्मली. विल्यम मोल्टन मार्स्टन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने ती निर्माण केली. खोटं पकडण्यासाठी रक्तदाब मोजायची युक्ती काढणारा तोच हा माणूस, म्हणून तिच्या हातात खरं बोलायला लावणारा दोर. सत्तरच्या दशकात ती टीव्हीवर घरोघरी पोहोचली. मोठ्या पडद्यावर तिच्या नावाचा चित्रपट आला तो २०१७ साली, वयाच्या शहात्तराव्या वर्षी. तोपर्यंत पटकथा लिहून घेतल्या गेल्या, दिग्दर्शक आले नि गेले. पॅटी जेंकिन्सकडे काम आलं तेव्हा तिचा आधीचा चित्रपट बारा वर्षांपूर्वीचा होता, आणि त्या चित्रपटातल्या नटीला ऑस्कर मिळालं होतं. ऑस्करवाल्या चित्रपटाच्या दिग्दर्शकाचा दुसरा चित्रपट पडद्यावर यायला चौदा वर्षं लागतात, हेही जाता जाता ध्यानात घ्या. ‘वंडर वुमन’मधला सगळ्यांच्या मनात राहिलेला प्रसंग म्हणजे खंदकातून शिडी चढून ती एकटी गोळ्यांच्या पावसात चालत जाते तो. हा प्रसंग हवाच कशाला, समोर खलनायक नाही, मग ती लढते कुणाशी, असं बरोबरच्या बऱ्याच लोकांचं म्हणणं होतं. जेंकिन्सने तो धरून ठेवला. जगभरात ८२ कोटी डॉलरच्या वर धंदा झाला आणि दुसऱ्या दिवसापासून सगळे म्हणू लागले, आम्हाला ठाऊकच होतं.

ह्या न चालण्याच्या पोटात एक दुकान आहे, तेही पाहिलं पाहिजे. २०१५ मध्ये भाची अकरा वर्षांची होती. ‘अ‍ॅव्हेंजर्स’च्या दुसऱ्या भागात ब्लॅक विडो विमानातून मोटारसायकलवर बसून खाली झेपावते, ते पाहून तिला ती मोटारसायकल हवी झाली. नौपाड्यापासून मॉलपर्यंत दुकानं पालथी घातली. मोटारसायकल होती, पण तिच्यावर कॅप्टन अमेरिका बसलेला. दुकानदार म्हणाला, “ताई, मुलींसाठी तिकडे बघा ना,” आणि गुलाबी फळीकडे बोट दाखवलं. मला वाटलं आपल्याकडेच अर्धा माल आला असेल. नंतर कळलं की जगभर तसंच होतं. बाईने केलेली उडी, खेळण्यात पुरुषाच्या नावावर. ‘आयर्न मॅन’च्या तिसऱ्या भागातली खलव्यक्ती मुळात बाई होती, पण बाईचं खेळणं खपणार नाही म्हणून ती बदलायला लावली, असं दिग्दर्शक शेन ब्लॅक यांनी पुढे सांगितलं. म्हणजे खेळणं खपत नाही म्हणून बाई नाही, आणि बाई नाही म्हणून खेळणं नाही. यातून मागणी नाही हे कुणी सिद्ध केलं? दुकानात माल ठेवायचाच नाही आणि गिऱ्हाईक येत नाही म्हणून रडायचं.

आपल्याकडे हे गणित नव्वद वर्षांपूर्वी उलटं सुटलेलं आहे, याची आठवण करून दिली की लोक चकित होतात. १९३५ साली जमशेद आणि होमी वाडिया या भावांनी ‘हंटरवाली’ काढला. पर्थमध्ये जन्मलेली, सर्कशीत काम केलेली मेरी इव्हान्स नावाची मुलगी त्यात मुखवटा लावून, चाबूक घेऊन, घोड्यावरून बदमाशांना लोळवायची. तीच फिअरलेस नाडिया. वितरक हात लावायला तयार नव्हते. चाबूकवाली गोरी बाई कोण बघणार? शेवटी वाडियांनी स्वतःच चित्रपट लावला आणि तो आठवडेच्या आठवडे चालला. तिच्या नावाचे चाबूक, पट्टे, काड्यापेट्या बाजारात परस्पर विकल्या जाऊ लागल्या, अशी हकिकत आहे. म्हणजे खेळणं खपतं का, या प्रश्नाचं उत्तर परळच्या वाडिया मूव्हीटोनने मार्व्हलच्या जन्माआधी देऊन ठेवलं होतं. व्ही. शांताराम यांचं राजकमल पुढे त्याच जागेत उभं राहिलं. ठाण्याहून स्लो लोकलने गेलात तर तासही लागत नाही.

नाडियाचं मर्म माझ्या मते तिच्या धाडसात नाही, किंवा फक्त धाडसात नाही. तिला एकामागून एक चित्रपट मिळत गेले, ‘डायमंड क्वीन’, ‘हंटरवाली की बेटी’, असे कितीतरी. एखादा कमी चालला असता तरी पुढचा ठरलेला, कारण कंपनी घरची. होमी वाडियांनी पुढे तिच्याशी लग्नही केलं. तिला पडायची मुभा होती. ज्या दिवशी ती मुभा देणारं घर संपलं, त्या दिवशी नाडियाची परंपराही संपली. तिच्यासारखी दुसरी का उभी राहिली नाही, असं विचारलं की उत्तर यायचं, ती गोरी होती हो, तिची गोष्ट वेगळी. पुन्हा तेच, चालली तर अपवाद.

इथे हमखास कुणीतरी देवी पुढे करतो. आपल्याकडे स्त्रीशक्तीची कमी आहे का? टेंभी नाक्यावर या नवरात्रात! मी दरवर्षी जाते. आनंद दिघे यांनी १९७८ साली सुरू केलेला तो उत्सव, कळव्याहून निघणारी ती मिरवणूक, आणि मग नऊ दिवस रात्री एकपर्यंत न हटणारी रांग. हातात त्रिशूळ, चक्र, पायाशी महिषासुर. एवढी ओपनिंग कुठल्या खानाला लागलेली नाही. मग बाईला बघायला कोण येणार, हा प्रश्न ठाण्यात तरी विचारू नये.

पण मी रांगेत उभी राहून विचार करते तेव्हा मला यात दिलासा वाटत नाही, उलट अडचण दिसते. देवी पडत नाही. महिषासुर जिंकेल का अशी धाकधूक घेऊन रांगेत कुणीच उभं नसतं. आणि तिची आयुधंही पाहा, त्रिशूळ शंकराचा, चक्र विष्णूचं, सिंह हिमालयाने दिलेला. सगळ्या देवांनी आपापलं तेज काढून दिलं तेव्हा ती उभी राहिली. आम्हाला ताकदवान बाई चालते, पण ती आधीच पूर्ण असली पाहिजे, चुकता कामा नये. आणि देवी नसेल तर? मग हडळ. गेल्या काही वर्षांत हिंदीत बाईच्या अचाट शक्तीवर सगळ्यात जास्त गर्दी खेचली ती ‘स्त्री’ चित्रपटांतल्या चंदेरीच्या भुताने. २०२५ च्या ओणमला मल्याळममध्ये ‘लोका’ आला, कल्याणी प्रियदर्शन सुपरहिरो, सुमारे ३० कोटींत केलेला आणि जगभर ३०० कोटींच्या घरात पोहोचलेला. मी तो पाहून आनंदाने वेडी झाले, केरळला साष्टांग नमस्कार. तरी एक गोष्ट टोचलीच, तीसुद्धा लोककथेतली यक्षी आहे, कळ्ळियंकाट्टची नीली. क्रिश हा डोंगरातला पोरगा असतो, शक्तिमान वर्तमानपत्रात वेंधळा फोटोग्राफर म्हणून मिरवतो. पुरुषाला शक्ती मिळाली तरी तो माणूस राहतो, धडपडतो, चष्मा पडतो. बाईला शक्ती मिळाली की ती एक तर मखरात जाते नाही तर पिंपळावर.

मधली जागा रिकामी आहे, आणि मराठीने ती एकदा भरून दाखवली आहे. ‘सैराट’ची आर्ची बुलेटवरून आली तेव्हा थिएटरात शिट्ट्या कशा वाजल्या होत्या आठवतं? ती ट्रॅक्टर चालवत होती, मराठीत सांगून कळत नसेल तर इंग्रजीत सांगायला तयार होती, आणि दुसऱ्या अर्ध्या भागात परक्या शहरात पार मोडूनही पडली होती. उडत नव्हती, डोळ्यांतून किरण सोडत नव्हती, तरी त्या दोन मिनिटांत ती सुपरहिरोच होती. तो चित्रपट कोट्यवधींच्या घरात गेल्यावर मराठीत बाईला हाणामारी, वेग, धाडस देणारे दहा चित्रपट यायला हवे होते. नाही आले. लोकांनी आर्चीला नागराज मंजुळेंची किमया म्हणून बाजूला ठेवलं. २०२३ मध्ये ‘बाईपण भारी देवा’ आला. ठाण्यातही बायका नऊवारी नेसून, नथ घालून, गॉगल लावून, वीस वीसच्या घोळक्याने थिएटरात शिरत होत्या, बाहेर फुगड्या घालत होत्या. वर्तमानपत्रांनी शब्द कोणता वापरला? अनपेक्षित यश. अहो, अर्धं गाव बायकांचं आहे, त्यात अनपेक्षित काय?

आता माझ्या बाजूच्या लोकांशीही दोन शब्द, कारण दार तिकडूनही लागतं. २०१९ च्या महिला दिनाला ‘कॅप्टन मार्व्हल’ आला. यायच्या आधीच, न पाहता, इंटरनेटवर टोळकी जमून त्याच्यावर दगड मारत होती, इतके की एका मोठ्या संकेतस्थळाला प्रदर्शनापूर्वीच्या नोंदींची पद्धत बदलावी लागली. चित्रपटाने ११० कोटी डॉलरच्या वर धंदा करून दगडांना उत्तर दिलं. पण मला तो ठीकठाक वाटला होता. हे मी मैत्रिणींच्या घोळक्यात बोलले तर सगळ्यांचे चेहरे असे झाले, जणू मीच एक दगड भिरकावला. आमच्यात आता बाईच्या चित्रपटाला बरा म्हणणं म्हणजे फितुरी. का? एक चित्रपट वाईट ठरला तर पुढचे दहा अडतील, ही भीती आम्हालाही बसलीये म्हणून. म्हणजे आम्हीही त्या ईमेलचीच भाषा बोलतोय, फक्त उलट्या बाजूने. एकाच चित्रपटावर सगळ्या बायकांचं ओझं टाकायचं आणि मग तो हलका का होत नाही म्हणून हळहळायचं.

काहीजण म्हणतात, प्रेक्षकांवर सक्ती करता का? मुळीच नाही. ‘द मार्व्हल्स’ला सव्वीस माणसं आली, ठीक आहे, न येण्याचा हक्क चौदा आण्यांचा नाही, सोळा आण्यांचा आहे. माझा हट्ट तिकीट काढणाऱ्याकडे नाही, हिशेब लिहिणाऱ्याकडे आहे. पडलेल्या पिक्चरच्या नावापुढे कारण लिहिताना पटकथा लिहा, कंटाळा लिहा, सणाची चुकलेली तारीख लिहा, दिग्दर्शन लिहा. पुरुषाच्या नावापुढे जे लिहिता ते लिहा. बाई हे कारण असू शकत नाही. ते फार तर पात्राचं वर्णन आहे. आणि निदान पडू तरी द्या. २०२२ मध्ये ‘बॅटगर्ल’ जवळजवळ पूर्ण झाला होता, सुमारे नऊ कोटी डॉलर खर्चून, आणि स्टुडिओने करातली सवलत घेण्यासाठी तो कपाटात टाकला. प्रेक्षकांनी नाकारायच्या आधीच. लेस्ली ग्रेस या मुलीने महिनोन्महिने घाम गाळला आणि तिला पडायलाही मिळालं नाही. चांगला होता की वाईट, कुणाला ठाऊक? वाईट असला तरी मला तो बघायचा होता.

मराठीपुरतं म्हणाल तर मला फार मोठं काही नको. वीस कोटींचे संगणकी चमत्कार आपल्याला परवडत नाहीत आणि गरजही नाही. एखादा निर्माता जेव्हा तीन पुरुषांच्या मारधाडीच्या चित्रपटांत पैसे घालवून चौथा काढतो, तेव्हा त्याला कुणी वेडा म्हणत नाही, हौशी म्हणतात. तेवढीच हौस एका बाईवर करावी आणि पहिला पडला तर दुसरा काढावा. दुसराही पडला तर पटकथा लिहिणारा बदलावा, बाई नाही.

यंदाचा सराव सुरू झालाय. मैदान महिला पथकाला रात्री साडेनऊनंतर मिळतं, पुरुषांचं पथक उठल्यावर. गाद्या जुन्या आहेत, एकीचा कापूस बाहेर आलाय. परवा मी भाचीला डबा द्यायला गेले आणि पाऊण तास कठड्याला टेकून उभी राहिले. दोनदा चार थर नीट लागले. पाचव्याला तीनदा कोसळल्या. सगळ्यात वरची पोरगी दहावीतली, प्रत्येक वेळी खालच्यांच्या हातांत अलगद येत होती, आणि खाली आली की पहिल्यांदा हेल्मेट सरळ करत होती. चौथ्यांदा थर लावायला घेतला तेव्हा मैदानाचे रखवालदार काका किल्ल्यांचा जुडगा वाजवत आले. दहा वाजून गेले होते. त्यांनी एका बाजूचे दिवे बंद केले.

“काका, अजून एकदा,” तिसऱ्या थरावरून आवाज आला.

काका दुसऱ्या बाजूच्या बटणावर हात ठेवून वर बघत उभे राहिले.